तेलाची कुपी आणि महिन्याचा बाजार



जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला, एका विधवेची गोष्ट आहे. अवघी सात वचने. घरी गेल्यावर बायबल उघडून ती जरूर वाचावी. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळीतला, देवाला भिऊन वागणारा माणूस होता, आणि तरीही तो डोक्यावर कर्ज ठेवून गेला. तेव्हा भाविक माणसाच्या घरी कर्ज नसतेच, असे कोणी समजू नये. आता सावकार दारात आला आहे. घरात वसूल करण्यासारखे काही नाही, म्हणून तो तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला निघाला आहे. ती बाई रडत अलीशा संदेष्ट्याकडे येते.

अलीशा तिला पैसे देत नाही. कर्ज का काढले, असेही विचारत नाही. तो तिला विचारतो की तुझ्या घरी काय काय आहे. ती आधी म्हणते, काही नाही. मग तिला आठवते की तेलाची एक कुपी तेवढी आहे.

घरात काही नाही, हे वाक्य आपल्या धर्मग्रामात घरभेटीला गेलो की पुष्कळदा ऐकायला मिळते. ते खोटे नसते. पण ते मोजून सांगितलेलेही नसते. महिन्याच्या दहा तारखेला पगार येतो, वीस तारखेला संपतो, आणि मधल्या दहा दिवसांत तो कुठे गेला हे नवऱ्याला ठाऊक नसते व बायकोला अर्धेच ठाऊक असते. वाण्याकडे उधारीची वही असते, पण ती वाण्याने लिहिलेली. आपली स्वतःची वही किती घरांत आहे? शाळेच्या जुन्या वहीची कोरी पाने पुरेत. रोज रात्री जेवणे झाली की दिवसभरात काय गेले ते लिहावे. दूध, भाजी, एस.टी.चे तिकीट, मोबाईलचा रिचार्ज, मुलाच्या हातावर ठेवलेले दहा रुपये, सगळे. पूर्वी नोट मोडताना निदान हाताला कळायचे. आता फोन पुढे धरला की पैसे गेले, आणि त्यांचा आवाजही होत नाही.

टॉवर बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला प्रभू येशूने संत लूकच्या शुभवर्तमानात दिला आहे. मला त्यात ‘बसून’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. उभ्या उभ्या, दुकानाच्या फळीपाशी, हिशेब होत नाही.

सावकार मुले नेतो ही केवळ तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे काय? आपल्याच जतच्या दुष्काळी पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाहा. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली जाते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांचे नावच हत्यारावर पडले आहे. उचल फिटेपर्यंत तो कोयता मुकादमाचा. आणि मुलांचे काय? काही आजीजवळ राहतात, काही शाळेतून उठून आई-बापाबरोबर फडावर जातात. त्यांना कोणी गुलाम म्हणत नाही, एवढाच फरक. ती उचल बहुतेक वेळा कशासाठी घेतलेली असते हे विचारून पाहा. आजारपण, लग्न आणि आधीची उचल.

व्याजाचा हिशेब साधा आहे, पण तो मुद्दाम महिन्यावर सांगितला जातो. ‘शेकडा पाच’ म्हटले की कमी वाटते. वीस हजार रुपये शेकडा पाचने घेतले तर महिन्याला एक हजार व्याज होते. वर्षाला बारा हजार होतात आणि मूळ वीस हजार तसेच उभे राहतात. तेच पैसे घरातला दागिना तारण ठेवून वर्षाला बारा टक्क्यांनी बँकेतून घेतले तर व्याज होते दोन हजार चारशे. दागिना बँकेत ठेवायला लाज वाटते आणि सावकाराकडे जायला वाटत नाही, कारण बँकेत चार लोक पाहतात. या लाजेची किंमत वर्षाला नऊ हजार सहाशे रुपये आहे.

आता पुन्हा त्या विधवेकडे येऊ. अलीशा तिला सांगतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस. पैसे नव्हेत, भांडी! शेजारीही गरीबच असतील, पण रिकामे भांडे कोणीही देऊ शकतो. पुढे घरात जो चमत्कार झाला, तो त्या शेजारणींच्या भांड्यांत झाला.

याचे जवळचे उदाहरण आपल्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आहे. म्हसवड हे पावसाने कायम पाठ फिरवलेले गाव. तिथे रस्त्याच्या कडेला राहणारी, लोहारकाम करणारी एक बाई होती. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. तिला कर्ज नको होते. बँकांनी तिचे खाते उघडले नाही. एवढ्या लहान रकमेचे खाते त्यांना परवडत नव्हते. ही गोष्ट श्रीमती चेतना गाला सिन्हा यांनी अनेक ठिकाणी सांगितली आहे. त्यांनी गावातल्या बायकांना घेऊन स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. बायका रडत बसल्या नाहीत. त्या काही महिने अक्षरे शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, असे त्यांनी आव्हान दिले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्या बँकेच्या गोष्टीतला आणखी एक भाग मला विचार करायला लावतो. बायका म्हणाल्या, आम्हाला पासबुक घरी नको. घरी पासबुक दिसले की नवऱ्याला रक्कम कळते, आणि कळली की ती जाते. अलीशाही त्या विधवेला सांगतो की तू आणि तुझी मुले आत जा आणि दार लावून घ्या. तेल ओतायचे ते दार बंद करून. बचत ही चारचौघांत मिरवण्याची गोष्ट नाही, हे एक. पण ज्या घरात बायकोला दार नवऱ्याच्या विरुद्ध लावावे लागते, त्या घरातील पुरुषांनी आज हे पत्रक जरा हळू वाचावे.

काटकसरीचे प्रवचन नेहमी बायकांनाच ऐकवले जाते. साखर कमी घाला, गॅस बारीक ठेवा. त्या ते करतातच. त्यांच्या आयांनीही केले. गळती बहुधा दुसरीकडे असते. आपल्या सातारा-सांगलीकडे पुरुषांच्या खिशात माव्याची पुडी असते. दिवसाला तीस रुपयांचा मावा म्हणजे वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास रुपये होतात. दारूचा आकडा मी इथे लिहीत नाही. ज्याचा त्याने लिहावा, वर सांगितलेल्या वहीत.

घरखर्चाचे शहाणपण आपल्या लोकांकडे पूर्वीपासून आहे, ते विसरू नये. शाळू निघाला की वर्षाची ज्वारी भरणे, उन्हाळ्यात मिरची-हळद घेऊन चटणी करून ठेवणे, डाळींना ऊन दाखवणे, धान्यात कडुलिंबाचा पाला घालणे. सांगली तर हळदीची पेठच. एकट्याला पोते परवडत नसेल तर तीन-चार घरांनी मिळून घ्यावे आणि वाटून घ्यावे. मात्र कृष्णाकाठच्या घरांनी एक ध्यानात ठेवावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत वर्षाचे भरलेले धान्य पाण्यात भिजून वाया गेलेली घरे थोडी नव्हती. धान्य, आणि त्याबरोबर रेशनकार्ड, पासबुक, घराचे कागद, हे पावसाळ्यापुरते तरी माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत असावेत.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला पाच भाकरींच्या हजारो करता येतात, त्याला तुकड्यांची काय पडली होती? तरी त्याने ते टाकू दिले नाहीत. शिळ्या भाकरीचा काला करणारी आमची आजी या बाबतीत प्रभूच्या फार जवळ होती.

सर्वांत कठीण विषय लग्नाचा आणि प्रथम कम्युनियनचा. यावर बोललो की लोक रागावतात, तरीही बोलतो. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार विवाह संस्कारासाठी वधू-वरांची मुक्त संमती, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार लागतात. हॉल लागत नाही. डी.जे. लागत नाही. दोनशे माणसांचा मानपान व आहेर लागत नाही. लग्न ही आनंदाची गोष्ट आहे; काना येथे प्रभूने द्राक्षारस कमी पडू दिला नाही. पण त्यासाठी यजमानाला कर्ज काढायला लावले नाही. मुलीच्या लग्नासाठी घेतलेले पैसे फेडताना त्याच घरातील धाकट्या मुलाचे कॉलेज सुटते, आणि तेव्हा जेवून गेलेल्या दोनशेंपैकी कोणी विचारायला येत नाही. आपल्या धर्मग्रामात एखाद्या प्रतिष्ठित घराने मिस्सेनंतर सभागृहात चहा-नाश्त्यावर लग्न उरकले, तर पाच गरीब घरांची सुटका होईल. सुरुवात ज्यांना परवडते त्यांनीच केली पाहिजे. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला गरीब म्हणतात, म्हणून तो करत नाही.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या मातीत याचा मोठा दाखला आहे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत. एकदा मुलांना शिजवायला धान्य उरले नाही. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी गळ्यातले मंगळसूत्रही विकायला काढून दिले. इतर दागिने त्याआधीच गेले होते. हाच खर्च एखाद्या हिशेबी माणसाने उधळपट्टी ठरवला असता. मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेलाही त्याने चार शब्द सुनावले असते. पैसा वाचवायचा तो कशासाठी, हे ठरलेले असले की कुठे मूठ झाकावी आणि कुठे उघडावी हे कळते.

गरिबाला रास्त दरात पैसा मिळावा ही काळजी ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून वाहिली आहे. इटलीत पेरूजा शहरात १४६२ साली फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या पुढाकाराने वस्तू तारण ठेवून अल्प व्याजावर कर्ज देणारी पेढी निघाली. पुढे १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेच्या वेळी पोप दहावे लिओ यांनी अशा पेढ्यांना मान्यता दिली. आपल्या महाराष्ट्रात वसईच्या ख्रिस्ती बांधवांनी १९१८ साली पतपेढी काढली, तीच पुढे बॅसिन कॅथलिक बँक झाली. भिशी आणि बचत गट हे त्याच झाडाचे लहान रोप आहे. भिशीत मात्र एक पाहावे. ती ओळखीच्या बायकांची असावी, दर महिन्याला सर्वांसमोर लिहिली जावी, आणि पहिला नंबर घेऊन हप्ते थांबवणाऱ्यांची आधीच चौकशी व्हावी. जास्त व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या योजनेत मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवू नयेत. बँक बुडाली तर २०२० पासून ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, सहकारी बँकेतही आहे. पण पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. बोर्डावर नाव कितीही मोठे असो, बँक आहे की पतसंस्था, हे एकदा विचारावे. पोस्टात शंभर रुपयांपासून महिन्याचे आवर्ती खाते उघडता येते.

भांडी संपली तेव्हा तेलही थांबले. मग अलीशाने त्या बाईला क्रम सांगितला. आधी तेल विकायचे, मग कर्ज फेडायचे, आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी जगायचे. आपण बहुतेक वेळा क्रम उलटा लावतो. आधी जगतो, उरले तर फेडतो, आणि उरत नाही. बोनस आला, पीक विकले, भिशी लागली, की सर्वांत महाग व्याजाचे कर्ज आधी उतरवावे, मग टी.व्ही.चा विचार.

ज्यांच्या घरी सावकाराचा कागद आहे त्यांच्यासाठी शेवटी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची असते. एकट्याने जायला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. मिस्सेनंतर माझ्या निवासाचे मागचे दार उघडे असते. कागदाची झेरॉक्स घेऊन यावे, नवरा-बायको दोघांनी यावे. नाव कोणाला कळणार नाही. अर्ज आपण बसून लिहू, आणि साताऱ्याला किंवा सांगलीला जायचे झाले तर मी बरोबर येईन.

— आपला धर्मगुरू