खारीच्या डोळ्यातला थेंब

"डोळे अजून मोठे कर. आणि खाली एक थेंब दे."

ताईंचा मेसेज रात्री अकराला आला. पायांना कॅलिपर लावणाऱ्या मुलांसाठी निधी जमवायला पुण्यातली एक संस्था रविवारी सकाळी चालण्याचा कार्यक्रम करणार होती. टीशर्टवर आणि बॅनरवर छापायला त्यांना एक कार्टून हवं होतं. मी दिवसा ॲप बनवतो आणि रात्री थोडंफार चित्र काढतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी खार काढली होती. एका पायाला कॅलिपर, हातात पेरू.

थेंब द्यायला दोन मिनिटं लागली. दोन्ही चित्रं ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. थेंबवाली सहज जिंकली.

यात नवल काही नाही. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झनं १९४३ मध्येच हे मांडलं होतं. मोठं डोकं, फुगीर कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल अशी बाळाची ठेवण दिसली की मोठ्या माणसाला आपोआप माया येते. मिकी माऊससुद्धा वर्षांमागून वर्षं असाच बाळसेदार होत गेला, हे स्टीफन जे गुल्ड या शास्त्रज्ञानं मोजून दाखवलं.

आमच्या धंद्यात असल्या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. ऑफर नाकारायला गेलं की बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत'. माणसाला विचार करायला वेळच द्यायचा नाही. कामावर मी या बटणांवरून भांडतो. मग चांगल्या कामासाठी तीच युक्ती चालेल का?

मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "थेंबामुळे दोन मुलांचे कॅलिपर जास्त आले, तर तुझं काय जातं रे?"

माझं काहीच जात नाही, आणि अडचण हीच आहे. माझ्या तत्त्वाचं बिल मला येत नाही. ज्या मुलाचं कॅलिपर राहून जातं, ते बिल त्याला येतं.

पण थेंबाचंही बिल असतं, आणि तेही त्याच मुलाच्या नावावर फाडलं जातं. दया येऊन पाचशे रुपये देणारा माणूस मनात एक चित्र घेऊन घरी जातो. उद्या कदाचित तोच त्या मुलाची नोकरीची मुलाखत घेईल. ज्याला आपण 'बिचारा' म्हणून पाहिलं, त्याला आपण खाऊ देतो, पण जबाबदारी देत नाही.

मग काय, दुखणं लपवायचं? तसंही नाही. बीबीसीच्या 'चिल्ड्रन इन नीड' या उपक्रमाचं पड्सी अस्वल १९८५ साली आलं, तेव्हापासून त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. त्याचं रूप बदलत गेलं, पण पट्टी टिकली. पट्टी काय झालंय ते सांगते. थेंब मात्र बघणाऱ्याला काय वाटायला हवं ते सांगतो. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

शनिवारी दोन्ही चित्रं घेऊन मुलांकडे गेलो. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. एका मुलीनं थेंबावर बोट ठेवलं. "दादा, ही रडतेय कशाला? पेरू आहे की हातात!" तिच्या शेजारचा मुलगा एवढंच म्हणाला, "हा टीशर्ट मी शाळेत नाही घालणार."

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ तो थेंब."

कार्यक्रम झाला. खार पेरू खात सगळ्यांच्या पाठीवर फिरली. मुलांनी तो टीशर्ट नंतरही घातला. जमलेली रक्कम मात्र ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली. थेंब असता तर ती भरली असती का, हे मला कधीच कळणार नाही.

ती दोन मिनिटांत काढलेली फाइल अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. डिलीट करायला गेलो की आधी तो कमी पडलेला आकडा आठवतो, आणि मग टीशर्ट घालून शाळेत निघालेला तो मुलगा. दोघांपैकी एकालाही मला विसरायचं नाहीये.