रात्री बाराची मुदत

सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीचं पाणी शिवारात शिरलं आणि गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात दोघी जावांच्या घरचं सोयाबीन डोळ्यांदेखत सडलं. थोरलीच्या खात्यात तेवढे चोवीस हजार रुपये उरले होते. दोन बोकडं विकून आणि बचत गटातून उचल घेऊन तिने ते लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवले होते.

त्याच महिन्यात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या हप्त्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. राज्यभरातल्या बाया एकाच साइटवर तुटून पडल्या. पान उघडेना, ओटीपी येईना. थोरली रात्र रात्र जागून कंटाळली होती. अशात बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: ‘आज रात्री १२ पर्यंत केवायसी करा, नाहीतर हप्ता कायमचा बंद.’ खाली लिंक. पाठवणारी गटातलीच, रोजच्या उठबशीतली. तिलाही तो कुणीतरी पाठवलेला.

खरी साइट दिवसदिवस अडून बसत होती, ही मात्र बोट लावताच उघडली. वर योजनेचं नाव, रंगही तसेच. आधार क्रमांक मागितला, तिने भरला. मग खाते क्रमांक. मग एटीएम कार्डावरचे सोळा आकडे, कार्डाची मुदत, पाठीमागचे तीन आकडे. शेवटी ओटीपी. त्या ओटीपीच्या मेसेजमध्येच नऊ हजारांची रक्कम लिहिलेली होती, पण बारा वाजत आले होते. तिने फक्त सहा आकडे पाहिले आणि टाकले.

पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा नवरा शेजारीच झोपला होता. तिने त्याला उठवलं नाही. फोन उशाखाली सरकवला.

सकाळी एका माणसाचा फोन आला. आवाज गोड, बोलणं अदबीचं. “ताई, बँकेतून बोलतोय. काल चुकून कापलेले पैसे परत जमा करायचेत. आलेला ओटीपी तेवढा सांगा.” घरात कुणाला कळायच्या आत पैसे परत येतील, या आशेने तिने सांगितला. आणखी बारा हजार गेले. पहिला घाव घाईने बसला होता. दुसरा लपवण्याने बसला, आणि तोच मोठा होता.

तेवढ्यात धाकटी आली. “ताई, ती ग्रुपवरची लिंक उघडू नका बरं. खोटी हाय.”

थोरली मटकन खाली बसली. “पैशे गेले माय. कुणाला म्हनू नको.”

धाकटीने कुणाला म्हणायचं हे तिला विचारलंही नाही. तिथेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावला, खाते कोणत्या बँकेत, किती गेले, किती वाजता, मेसेजमधला व्यवहार क्रमांक काय, सगळं वाचून दाखवलं. मग बँकेत फोन करून कार्ड बंद केलं. सकाळच्या बारा हजारांतले सात हजार पुढच्या एका खात्यात अडवले गेले. रात्रीचे नऊ हजार तोवर कुठल्या कुठे गेले होते.

दुपारी बँकेतल्या साहेबांनी नियम सांगितला. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा दाखला दिला. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे त्या उशाखालच्या फोनवरून रात्रीच दोन शब्द बोलले असते, तर सकाळचे बारा हजार वाचले असते.

“पण तुला कसं कळलं?” थोरलीने विचारलं.

“पत्ता शेवटाकडून वाचला. पाकिटावर गावाचं नाव काही असू द्या, तालुका-जिल्हा शेवटी असतो ना, तसं. सुरुवातीचं ‘https://’ सोडायचं आन् त्याच्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधी काय हाय ते बघायचं. ह्या योजनेची खरी साइट असेल तर तिथं ‘जीओव्ही डॉट इन’ पाहिजे. ह्याच्यात ‘लाडकी’ होतं, ‘बहीण’ होतं, तेवढंच नव्हतं. आन् ताई, खऱ्या केवायसीत आधारचा ओटीपी मागतात, पण एटीएमचे आकडे कामून मागतील? पैशे यायला ओटीपी लागतच नाही. लागतो तो जायला.”

नवऱ्याला संध्याकाळी कळलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग एवढंच म्हणाला, “रातीच कामून नाही उठवलं?” ती म्हणाली, “तुम्ही बोलला असता.” त्याच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, कारण तो बोललाच असता.

केवायसीची मुदत त्या रात्री संपणार नव्हतीच. ती दोन महिन्यांची होती, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

घरातल्या कर्त्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे. बायको, आई, लेक, म्हातारे वडील, कुणीही येऊन ‘पैसे गेले’ म्हणालं, तर त्या क्षणी रागावू नका. आधी १९३० लावा, मग बँकेला कळवा. आणि तुम्हाला सांगायला त्यांना भीती वाटणार नाही, असं आजपासूनच वागा.