फितूर कोण?



३० मे रोजी ख्रिस्तसभा संत जोन ऑफ आर्क हिचा सण पाळते. आपल्या भिवंडीला मे महिना आणखी एका कारणाने आठवतो. मे १९७० आणि मे १९८४ मध्ये इथे दंगली पेटल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून आज आम्ही एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो : संकटकाळी आपलाच माणूस आपल्याला पटत नाही असे काही करतो, तेव्हा त्याला फितूर म्हणावे काय?

प्रथम आपल्या महाराष्ट्रातील चांदबिबी पाहू. डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा ती हाती तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० साली मोगल पुन्हा आले. आता किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने वाटाघाटीचा विचार केला. हमीदखानाने ‘बेगम फितूर झाली’ अशी हाकाटी केली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. पुढे लवकरच किल्ला पडला.

जोन ही शेतकऱ्याची मुलगी. १४२९ मध्ये तिने ऑर्लेआँचा वेढा उठवला. पुढच्याच वर्षी ती पकडली गेली. ज्या राजाला तिच्यामुळे मुकुट मिळाला, त्याने तिला सोडवले नाही. १४३१ मध्ये रूआँ येथे एका बिशपच्या न्यायासनाने तिला पाखंडी ठरवले आणि सुमारे एकोणिसाव्या वर्षी ती जिवंत जाळली गेली. आपले म्हणणे पोपमहोदयांपुढे न्यावे, ही तिची विनंती कोणी ऐकली नाही. हे आम्ही धर्मगुरूंनी लपवू नये. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२० मध्ये ती संत ठरली.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, माणसाने आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध वागू नये. पण इथे एक अडचण आहे. चांदबिबीला मारणाऱ्यांनाही आपण बरोबरच आहोत असे वाटत असेल. मग फरक कसा ओळखावा? आम्हांला दोन खुणा दिसतात. पहिली, त्यांनी तिला विचारले नाही. आरोप ऐकला आणि तलवार उपसली. खरा विवेक आधी चौकशी करतो. दुसरी, तिने आपल्या निर्णयाची किंमत स्वतःच्या जिवाने मोजली. त्यांनी ती दुसऱ्याकडून वसूल केली. जिथे ‘धर्मासाठी’ वा ‘आपल्या लोकांसाठी’ म्हणून दुसऱ्याचे रक्त मागितले जाते, तिथे थांबून विचार करावा.

मेल्यावर मात्र वीरांगना सर्वांनाच हवी असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी करणारे फ्रेंच सरकार आणि त्यांच्याविरुद्ध लढणारे देशभक्त, दोघेही जोनचे नाव घेत होते. अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. जिवंतपणी जिचे ऐकून घेतले नाही, तिला मागाहून दुसऱ्याची कबर दिली!

बंधुभगिनींनो, गाव पेटते तेव्हा शेजाऱ्याला दार उघडणाऱ्याला, ‘थांबा, बोलून पाहू’ म्हणणाऱ्याला आपलेच लोक फितूर म्हणतात. आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या धर्मग्रामातही हे घडते. प्रभू येशूलाही त्याच्या आपल्या लोकांनीच धरून दिले. या आठवड्यात कोणाविषयी ‘तो आपला राहिला नाही’ असे ऐकले, तर ते पुढे सांगण्याआधी त्याच्याच दारी जाऊन त्याला विचारू या. त्यासाठी लागणारे धैर्य संत जोनच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो.

आपले धर्मगुरू