तीच ही मालमोटार?

१९५४ साली टाटा आणि जर्मनीतील डाइमलर-बेंझ यांच्या करारान्वये जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली, तेव्हा तिच्या लांब नाकावर तीन टोकांची जर्मन चांदणी होती. १९६९ साली करार संपला, चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटांचे अक्षर चढले. मधल्या पंधरा वर्षांत ज्या गाड्यांनी या देशाचा ऊस, कांदा, सिमेंट आणि कापसाच्या गाठी घाटांवरून चढवल्या-उतरवल्या, त्यांतील बहुतेक केव्हाच भट्टीत गेल्या. पण क्वचित एखादी गोठ्यामागे, बाभळीच्या सावलीत, चाके मातीत रुतलेली अशी सापडते, आणि तिला पुन्हा उभी करण्याच्या ध्यासाने पछाडलेला एखादा गृहस्थही सापडतो. कोल्हापूरकडील माझे एक स्नेही या पंथातले आहेत. त्यांच्या उद्योगाकडे मी आरंभी केवळ कुतूहलाने पाहत असे. पुढे ध्यानात आले की, ज्या प्रश्नावर आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला, तोच तेथे गोणपाटावर सुटा करून मांडलेला आहे. एखाद्या वस्तूचे सर्व अवयव बदलले असता उरते ती तीच वस्तू काय, आणि असल्यास कशाच्या बळावर?

दर्शनकारांकडे जाण्यापूर्वी गोणपाटावरची वस्तुस्थिती पाहणे इष्ट. कोणासही वाटेल की, सहा सिलिंडरांच्या त्या जुन्या डिझेल इंजिनाचे भाग मिळवणे हे या कामातील दुर्घट प्रकरण असावे. प्रत्यक्षात लायनर, पिस्टनच्या रिंगा, बेरिंगे, नोझल या वस्तू थोड्याफार खटपटीने मिळतात किंवा जुळवून घेता येतात. क्रँक झिजला तर तो घासून बारीक करावा आणि त्या मानाने जाड बेरिंग बसवावे, अशी सोय या धंद्याने पूर्वीच करून ठेवलेली आहे. मिळत नाही ती बॉनेटपुढची जाळी, दाराची मूठ, तेलाचा दाब दाखवणारे घड्याळ, काचेची चौकट आणि ती चांदणी. कारण उघड आहे. जे झिजते त्याचे सुटे भाग कारखान्याने आणि बाजाराने वर्षानुवर्षे घडवले. जे झिजत नाही ते पुन्हा घडवण्याचे कारणच कोणाला पडले नाही, आणि म्हणून अक्षय समजले गेलेले तेवढे आज दुर्मिळ झाले. नित्य आणि अनित्य यांविषयी आपण जे मानत आलो त्याच्या नेमके उलट असे हे दर्शन कुर्ल्याच्या भंगारगल्लीत घडते, हे मला मोठे बोधप्रद वाटते.

कुर्ला, कलकत्त्याचा मल्लिकबाजार, दिल्लीची मायापुरी, मद्रासचे पुदुपेट ही या पंथाची तीर्थक्षेत्रे. आणि काशीप्रमाणेच त्यांचे माहात्म्यही तेथल्या स्मशानावर उभे आहे. तेथे मिळणारी प्रत्येक मूठ, प्रत्येक जाळी ही कोणत्या ना कोणत्या मेलेल्या गाडीची असते. दुकानदारापाशी फेरिस्त नसते, दाखला नसतो. तो भाग हाती घेऊन त्याचे वजन अजमावतो आणि ‘जेन्युइन’ की ‘लोकल’ एवढाच निवाडा देतो, व तो निवाडा अनेक न्यायालयांच्या निवाड्यांहून अधिक भरवशाचा असतो.

जो भाग कोठेच मिळत नाही तो ओतून घ्यावा लागतो, आणि त्या कामी कोल्हापूरच्या ओतशाळांचा लौकिक आहे. पण तेथेही एक मौज आहे. मोडका भागच साचा म्हणून वाळूत दाबून नवा ओतला, तर बीड निवताना शेकडा सुमारे एक या प्रमाणात आक्रसते आणि प्रतिकृती मुळाहून लहान निपजते. म्हणून जाणता कारागीर मूळ भागावर आधी लेप चढवून त्याला किंचित फुगवतो. हुबेहूब नक्कल हवी असेल तर अस्सलालाच थोडे खोटे करावे लागते! इतके करूनही जुन्या भागाला ओतल्यानंतर जी लेथची कातणी मिळाली होती तिचे बारकावे साच्यातून येत नाहीत. ते टर्नरला पुन्हा आपल्या हाताने द्यावे लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सागल नगरीचा यवन राजा मिनँडर, ज्याला पाली ग्रंथ मिलिंद म्हणतात, रथात बसून नागसेन भिक्षूकडे आला. तेव्हा नागसेनाने त्याला विचारले की, दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे काय, की जू म्हणजे; आणि राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेल्यावर, मग आपण आलात तो रथ कोठे आहे, असा पेच टाकला. अवयवांच्या आश्रयाने चालणारा एक नामव्यवहार म्हणजे रथ, त्यापलीकडे रथ म्हणून काही नाही, हा त्याचा सिद्धांत. याच्या उलट न्याय-वैशेषिकांनी आग्रहाने प्रतिपादिले की, अवयवी हा अवयवांहून निराळा, खराखुरा पदार्थ आहे. तो त्यांच्यात समवायाने राहतो, अन्यथा आपण ‘एक’ गाडी पाहिली हा अनुभवच लटका ठरेल. माझ्या स्नेह्यांचा कल साहजिकच नैयायिकांकडे झुकावा. पण नैयायिक हा मोठा निष्ठुर मित्र आहे. वस्त्रातून एक तंतू काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, इतके तो शांतपणे मान्य करतो. या न्यायाने किंगपिन बदलला त्याच दिवशी जुनी मालमोटार संपली. ‘तीच ही’ असे जे आपण ओळखतो त्याला बौद्ध सादृश्याने झालेला भ्रम म्हणतात: दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असून एकच भासते तसा. म्हणजे एकाकडे गेले तर गाडी केवळ नाव ठरते, आणि दुसऱ्याकडे गेले तर ती दर आठवड्याला मरते.

सरकारदरबारी हा वाद कधीच निकालात निघालेला आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी गाडीचे सत्त्व म्हणजे चेसिसवर कोरलेला क्रमांक. इंजिन बदलले तर अर्ज करून नोंदीत फेरफार करून घ्यावा, चेसिस मात्र बदलू नये. जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जे नियम अंमलात आणले, त्यांत पन्नास वर्षांवरील वाहन मूळ स्वरूपात असावे, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. आणि ती सवलत दुचाक्या व प्रवासी मोटारी यांपुरतीच असल्याने मालमोटारीला या पेन्शनीत स्थान नाही. भार वाहणाऱ्याला वृद्धत्वाचा मान नाकारण्याची आपली सामाजिक रीत नियमावलीतही उतरावी, याचे नवल वाटत नाही. पण ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय? त्या काळी कारखान्यातून बहुधा नुसते काउल बसवलेले चेसिस बाहेर पडे. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-मिस्त्री सागवान व पत्रा यांतून, आपापल्या मगदुरीप्रमाणे घडवीत. अशा गाडीला जमशेदपूरचे असे संपूर्ण मूळ स्वरूप कधी नव्हतेच. तिचा जन्म एका दिवशी, एका ठिकाणी झाला नाही, तर जेथे ज्या मिस्त्रीने हात लावला तेथे तो थोडाथोडा होत राहिला.

देहांतराचा विधी ज्या परंपरेने बारकाईने सांभाळला तिचे या प्रश्नावर काय मत आहे, हेही पाहावे. पुरीस अधिक आषाढ आला की जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांचे नवकलेवर होते. अलीकडील नवकलेवरे १९९६ आणि २०१५ सालची. कडुनिंबाचे नवे काष्ठ शोधून मूर्ती घडतात, डोळे बांधलेला दैतापती वस्त्र गुंडाळलेल्या हातांनी जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ काढून नवीत ठेवतो, आणि जुनी मूर्ती कोइली वैकुंठात पुरली जाते. लाकूड सगळे बदलले तरी चालते. मात्र काहीतरी एक हस्तांतरित झाले पाहिजे, आणि ते काय हे पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. श्रद्धेची ही तजवीज मला नैयायिकांच्या समवायाहून अधिक प्रामाणिक वाटते, कारण जे दाखवता येत नाही ते दाखवल्याचा आव ती आणत नाही. मालमोटारीत असा ब्रह्मपदार्थ नाही. क्रमांकाची पट्टी ती जागा घेऊ पाहते खरी. परंतु चोरबाजारात ती पट्टीही मिळू शकते.

मग तेचपण कोठे आहे? मला वाटते, बौद्ध आचार्य धर्मकीर्तीची कसोटी येथे उपयोगी पडते. जे काही कार्य करते, ज्याच्याकडून अर्थक्रिया घडते, तेच सत् असे तो म्हणतो. धावत्या मालमोटारीचे पाटे तुटले, लायनर झिजले, हौद्याचे फाळके कुजले आणि एकेक करून बदलले, तेव्हा तिच्या ऐक्याविषयी मालकाला, ड्रायव्हरला वा टोलनाक्यावरील कारकुनाला कधी शंका आली नाही. भार वाहण्याचे काम अखंड चालू होते आणि दुरुस्ती हा त्या कामाचाच एक भाग होता. खंडेनवमीला तिच्यापुढे फुटलेला नारळ त्या कामापुढे फुटत असे. शंका उपजली ती काम थांबल्यावर. जमशेदपूरच्या दारातून निघतानाचे तिचे रूप परत आणण्याच्या हव्यासात आपण तिचे तीस-चाळीस वर्षांचे कष्ट खरवडून काढतो: ड्रायव्हरच्या टाचेने गुळगुळीत झालेला क्लचचा पेडल बदलतो, कोणा मिस्त्रीने वेल्डिंगने सांधलेला कंस फेकतो, आणि जिने कधी काही वाहिलेच नाही अशी गाडी निर्माण करून तिला अस्सल म्हणतो. शोभायात्रेत मिरवणे हीही एक अर्थक्रियाच, असे कोणी म्हणेल. ते मान्य, पण ती निराळ्या वस्तूची अर्थक्रिया होय.

म्हणून या पंथातील सर्वांस माझी विनंती इतकीच की, सुटा भाग मेलेल्या गाडीतून घ्यावा, ओतून घ्यावा, नाहीच मिळाला तर उणीव तशीच राहू द्यावी. परंतु आपल्या गाडीची जाळी पुरी करण्यासाठी कोठे विटा वा वाळू वाहत असलेली जुनी गाडी विकत घेऊन मोडू नये, मग तिच्यात कारखान्याचा एकही स्क्रू उरलेला नसला तरी. आणि जे बदलले त्याची, कोणता भाग कोठल्या बाजारातून आणि कोणत्या मिस्त्रीच्या हातून आला याची, एक साधी वही गाडीसोबत ठेवावी. माझ्या स्नेह्यांनी ती नुकतीच सुरू केली आहे. त्यांच्या गाडीला चांदणी अद्याप मिळालेली नाही.