गोष्ट कोणाची, जागा कोणाची?

थीम पार्कने बाहेरच्या सिनेमांवर राइड्स बांधाव्यात का? आधी 'बाहेरचा' म्हणजे काय ते बघू. १९८७ मध्ये डिस्नीलँडमध्ये 'स्टार टूर्स' सुरू झाली, तेव्हा 'स्टार वॉर्स' डिस्नीचं नव्हतं. २०१२ मध्ये डिस्नीने लुकासफिल्म विकत घेतली आणि परकी गोष्ट घरची झाली. रांगेत उभ्या असलेल्या पोराला त्याने काय फरक पडला? मालकी हा वकिलांचा प्रश्न आहे.

खरा प्रश्न जागेचा आहे. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये नॉर्वे देशाचं दालन आहे. तिथल्या 'मेलस्ट्रॉम' या बोटीच्या राइडमध्ये वायकिंग होते, ट्रोल होते, समुद्रातली तेलविहीरही होती. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २०१६ मध्ये त्याच जागी 'फ्रोझन' आलं. मुलं खूश झाली, तो आनंद खोटा नाही. पण खऱ्या देशाच्या जागी नकाशावर नसलेलं राज्य आलं, तेही डिस्नीच्याच सिनेमातलं. म्हणजे घरची गोष्टही जागेचा अर्थ पुसू शकते.

ओळखीचं नाव असलं की धोका कमी, हे मान्य. पण 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९६७ ची आणि सिनेमा २००३ चा. 'आधी हिट सिनेमा दाखवा' अशी अट तेव्हा असती, तर जॅक स्पॅरो जन्मलाच नसता.

कोड लिहिताना आपण दुसऱ्यांच्या लायब्ररी रोज वापरतो, त्यात लाज नाही. पण सगळेच नुसतं इम्पोर्ट करत बसले, तर नवी लायब्ररी लिहिणार कोण? उसनी गोष्ट जरूर आणा. फक्त अजून कुणालाच माहीत नसलेल्या गोष्टीसाठी थोडी जागा मोकळी ठेवा.