लेकरांचा खेळ आणि आईबापांची पाळी



मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपण पुष्कळदा ऐकला आहे. लोक बाळकांना प्रभू येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात आणि प्रभू शिष्यांवरच रागावतो. त्याने बाळकांना कवेत घेतले हे आपल्या लक्षात राहते. परंतु ती बाळके एकटी आली नव्हती. कोणीतरी त्यांना हाताला धरून, कडेवर घेऊन आणले होते आणि शिष्यांची बोलणी खाऊनही ती माणसे तिथेच थांबली होती.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू बाजारात खेळणाऱ्या पोरांचा दाखला देतो. काही पोरे पावा वाजवतात, काही मयताचा खेळ मांडतात आणि सवंगडी मात्र खेळायला तयार होत नाहीत. असा दाखला देणाऱ्याने पोरांचा खेळ थांबून, नीट पाहिला असला पाहिजे.

आपण तसे थांबतो का? तीन-चार वर्षांचे लेकरू बालवाडीतून घरी आले की आपला पहिला प्रश्न असतो, "आज काय लिहिलंस?" वही कोरी दिसली की आपण बाईंना दोष देतो. पण या वयात बोटांत पेन्सिल धरण्याचे पुरेसे बळ आलेले नसते. ते माती मळताना, चिंचोके वेचताना, मणी ओवताना येते. दोघांत खडे वाटून घेताना मोजणी येते. आजीची गोष्ट पुन्हा सांगताना भाषा येते. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, पडलेल्या सवंगड्याला हात देणे, हे तर शेजारप्रीतीचे पहिले धडे आहेत.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. महागड्या खेळण्यांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच त्यांची साधने झाली. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरलेली शाळा घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत भरते, आई-आजीला परकी राहत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिची केंद्रे अंगणवाडी याच नावाने गावोगावी पोहोचली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असेच म्हटले आहे.

आपला जिल्हा सहकाराचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना शेतकऱ्यांनी उभा केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण सभासदाने नुसता शेअर घेतला आणि ऊस घातलाच नाही, तर कारखाना चालेल का? बालवाडीचेही तसेच आहे. फी भरली, लेकरू दारात सोडले, की आपण शेअर घेतला. ऊस घालायचा राहिलाच! आपला ऊस म्हणजे आपला वेळ.

काही जण म्हणतील, "फादर, पोटामागे धावावे की पोरामागे?" हा प्रश्न खोटा नाही. खर्डा-जामखेड भागातील कितीतरी जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरू सोबत नेले तर कोपीवर बालवाडी नसते. मागे ठेवले तर आजी-आजोबांजवळ राहते. अशा घरात आजी-आजोबाच पालक आहेत. त्यांना वाचता येत नसेल, पण गाणी, उखाणे, गोष्टी आणि बी-भरणाची ओळख त्यांच्याजवळ आहे. बालवाडीला हेच तर हवे आहे. आणि ज्या लेकराचे जवळ कोणीच नाही, त्याच्यासाठी शेजारचे आईबाप एक पाळी जास्त घेऊ शकतात. सहकार याचाच अर्थ आहे.

आईबाप हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली शिक्षणावरील घोषणापत्रात सांगितले. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी हीच जबाबदारी आपण वेदीसमोर स्वीकारतो. ती बाईंच्या हाती देऊन मोकळे होता येत नाही. येशूही नाझरेथच्या घरात, मरिया आणि योसेफ यांच्या सहवासात ज्ञानाने आणि शरीराने वाढला.

म्हणून तीन लहान गोष्टी करू या. पहिली, लेकराला "काय लिहिलंस?" याऐवजी "आज काय खेळलास, कोणाबरोबर खेळलास?" असे विचारू या. दुसरी, आपल्या वस्तीवरच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत बाईंना विचारून प्रत्येक घराने महिन्यातून एकदा तासभर पाळी घ्यावी. त्यात बापांनीही लाजू नये. तिसरी, घरातल्या बिया, रिकामे डबे, चिंध्या फेकून न देता तिकडे पोहोचवाव्यात.

बाळकांना प्रभूकडे आणणाऱ्या त्या माणसांची नावे शुभवर्तमानात नाहीत. पण त्यांच्यामुळेच ती बाळके प्रभूच्या कुशीत पोहोचली. आपल्या लेकरांसाठी तेवढे चालण्याची आणि तिथे थांबण्याची कृपा परमेश्वर आपणांस देवो.

आमेन.