एकच पूर, दोन मनं

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. अशा दिवसांत सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या दरवाजांवर किंवा सांगलीत पूरनियंत्रणाच्या फोनवर बसलेल्यांपैकी एकाचा हात झपाझप चालतो, दुसऱ्याची झोपच उडते. म्हणून दुसरा कच्चा ठरत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९मध्ये मांडलं होतं, की कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, तिथं ताण अधिक. कुणी विचारेल, मग एकाच खुर्चीवरची दोन माणसं वेगळी का? स्वभाव, घरची काळजी, आधी पाहिलेला पूर, हे सगळं असतंच. पण स्वभाव साहेबाला बदलता येत नाही. पाळ्या, फोनवर काय सांगायचं याचा अधिकार आणि रात्रपाळीनंतरची सुट्टी मात्र पावसाळ्याआधीच ठरवता येते.